शब्द न् शब्द जपणारी सेवा: यूएन वेब टीव्ही आणि यूएन डिजिटल लायब्ररी

संयुक्त राष्ट्रांच्या दोन सेवा मी निवृत्तीनंतर नियमाने वापरते. एक यूएन वेब टीव्ही. सुरक्षा परिषद, आमसभा आणि जिनिव्हातली मानवी हक्क परिषद यांच्या खुल्या बैठका तिथे थेट दिसतात आणि नंतरही सवडीने पाहता येतात. दुसरी यूएन डिजिटल लायब्ररी. त्याच बैठकांची इतिवृत्तं, ठराव, ठरावांचे मसुदे आणि कुठल्या देशाने कसं मत दिलं याच्या नोंदी तिथे मिळतात. दोन्हींना पैसे पडत नाहीत, खातं उघडावं लागत नाही. युद्धावर, परराष्ट्र धोरणावर, जगातल्या लोकशाहीच्या भवितव्यावर तावातावाने बोलणाऱ्यांना मी हल्ली एकच प्रश्न विचारते: मूळ भाषण ऐकलंत का? बहुतेकांनी बातमीतला तुकडा ऐकलेला असतो. अख्खं भाषण, त्याच्या आधीचं आणि नंतरचं भाषण, आणि शेवटचं मतदान हे सगळं समोर उघडं असताना तुकड्यावर भांडण करणं मला पटत नाही.

माझी नजर कुठली, ते आधी सांगते. मी लघुलेखक होते. साक्षी आणि युक्तिवाद जसेच्या तसे उतरवून घ्यायचे, टंकून द्यायचे, हेच काम केलं. त्यामुळे कुणी 'शब्दशः नोंद' म्हटलं की ती खरोखर शब्दशः आहे का, काय गाळलंय, दुरुस्ती कोणी आणि कशी केली, इकडे माझं लक्ष आधी जातं. या कसोटीला ही सेवा बऱ्याच अंशी उतरते. एका जागी मात्र ती वाचणाऱ्याची दिशाभूल करते. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

नव्या माणसाने सुरुवात कुठून करावी? मी २३ फेब्रुवारी २०२२ ची सुरक्षा परिषदेची बैठक सुचवते. क्रमांक ८९७४, न्यूयॉर्कच्या वेळेप्रमाणे रात्री साडेनऊची. युक्रेनवर हल्ला होऊ नये म्हणून ती तातडीने बोलावली होती. परिषदेचं अध्यक्षपद दर महिन्याला बदलतं, सदस्य देशांच्या इंग्रजी नावांच्या वर्णानुक्रमाने. त्या फेब्रुवारीत ते रशियाकडे होतं. म्हणजे ज्या देशाला थांबवायचं, त्याचेच राजदूत वासिली नेबेंझ्या पीठासीन. सरचिटणीस गुटेरेश पुतिन यांचं नाव घेऊन, सैन्य थांबवा, शांततेला संधी द्या, अशी विनवणी करतात. मग एकेक राजदूत लिहून आणलेलं भाषण वाचू लागतो. आणि बैठक चालू असतानाच मॉस्कोहून लष्करी कारवाईची घोषणा होते. युक्रेनचे राजदूत सर्गी किस्लित्स्या यांची पाळी येईपर्यंत परिस्थिती पार बदललेली असते. आपल्या भाषणातलं बरंचसं आता निरुपयोगी झालं आहे, असं सांगून ते थेट अध्यक्षांकडे वळतात. तुम्ही हे अध्यक्षपद सोडा, म्हणतात. शेवटी म्हणतात, युद्धगुन्हेगारांना मधला मुक्काम नसतो, ते सरळ नरकात जातात.

ही बैठक मी आधी वाचली आणि मग पाहिली. इतिवृत्तात शब्द सगळे आहेत. पण शब्दांमधली शांतता नाही, आवाज कुठे चढला ते नाही, कोण कुणाकडे बघत होतं ते नाही. आम्हीही कधी ते लिहिलं नाही. लघुलेखनाची ती मर्यादाच आहे. म्हणून या दोन सेवा मी वेगवेगळ्या धरत नाही. टीव्हीवर माणूस दिसतो, पण तीन तासांच्या चित्रफितीत हवं ते वाक्य पुन्हा गाठणं जिकिरीचं होतं. कागदावर वाक्य लगेच सापडतं, पण त्यातला माणूस हरवतो. दोन्ही शेजारी-शेजारी उघडून बसलं की खरी मजा येते.

आता इतिवृत्ताची बांधणी पाहा, कारण ती फार शिस्तीची आहे. पहिल्या पानावर बैठकीचा क्रमांक, तारीख, वेळ, अध्यक्षांचं नाव आणि पंधराही सदस्य देशांचे प्रतिनिधी. मग बैठक प्रत्यक्ष किती वाजता सुरू झाली, कार्यक्रमपत्रिका मान्य झाली का, आणि मग भाषणं. भाषण इतिवृत्ताच्या भाषेखेरीज दुसऱ्या भाषेत झालं असेल, तर बोलणाऱ्याच्या नावापुढे कंसात ती भाषा दिलेली असते, म्हणजे आपण मूळ वाचतोय की भाषांतर, हे कळतं. तळाशी एक टीप असते: दुरुस्ती फक्त मूळ भाषेतल्या मजकुरातच सुचवायची, भाषांतरात नाही, आणि शिष्टमंडळातल्या सदस्याच्या सहीनिशी पाठवायची. हा नियम मला विशेष आवडला. आपलं म्हणणं नंतर गुळगुळीत करून घेण्याचा मोह मोठमोठ्या माणसांना होतो, हे मी जवळून पाहिलं आहे. दुरुस्तीला वाट ठेवायची पण ती अरुंद ठेवायची, हे नोंद ठेवणाऱ्याचं शहाणपण आहे.

मात्र सगळ्याच समित्यांच्या वाट्याला शब्दशः नोंद येत नाही. सुरक्षा परिषद आणि आमसभेच्या मुख्य बैठकांची येते. बाकी अनेक ठिकाणी सारांश-नोंद असते, तृतीय पुरुषात: 'अमुक प्रतिनिधींनी असं म्हटलं की…'. आजच्या मानवी हक्क परिषदेच्या आधीच्या मानवी हक्क आयोगात १९४७-४८ मध्ये भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता आणि आयोगाच्या अध्यक्ष एलिनॉर रूझवेल्ट मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यावर काय बोलत होत्या, ते मला त्यांच्याच शब्दांत वाचायचं होतं. मिळाला तो सारांश. मुद्दा कळतो, वाक्य मिळत नाही. ज्या चर्चेतून अख्ख्या जगाचा मानवी हक्कांचा जाहीरनामा निघाला, तिच्यातली मूळ वाक्यं कागदावर नसावीत, याची मला खंत वाटते.

त्या जाहीरनाम्याचं अंतिम मतदान मात्र पूर्ण वाचता येतं. १० डिसेंबर १९४८, पॅरिस, आमसभेची १८३ वी बैठक. बाजूने ४८, विरोधात एकही नाही, तटस्थ ८. आठांमध्ये सोव्हिएत गटातले देश, युगोस्लाव्हिया, सौदी अरेबिया आणि दक्षिण आफ्रिका. शाळेच्या पुस्तकात 'एकमुखाने' असा भाव येतो. इतिवृत्त वाचल्यावर कळतं की या आठांना एकत्र बांधणारं फारसं काही नव्हतं. तीन-चार अगदी वेगवेगळ्या कारणांनी ते एकाच रकान्यात आले होते.

आणि इथेच मी माझ्या मुख्य मुद्द्यावर येते. आंतरराष्ट्रीय चर्चेत देशाची खरी भूमिका भाषणापेक्षा मतात आणि मताच्या स्पष्टीकरणात सापडते. कुठलाही देश मतदानाच्या आधी किंवा नंतर उठून आपण असं मत का देतोय ते सांगू शकतो. बातम्यांत हा भाग जवळजवळ येतच नाही. या सेवेत तो पूर्ण मिळतो आणि माझ्या मते हीच तिची सगळ्यात मोठी देणगी आहे.

उदाहरण युक्रेनचंच घेते, कारण तिथे मतदानाचे तीन प्रकार आठवड्याच्या आत एकापाठोपाठ दिसतात. २५ फेब्रुवारी २०२२: सुरक्षा परिषदेत रशियाच्या हल्ल्याचा निषेध करणारा मसुदा. या सभागृहात मतदान हात वर करून होतं. यंत्र नाही, फलक नाही. अध्यक्ष विचारतात, बाजूने असलेल्यांनी हात वर करावेत. अकरा हात वर. विरोधात एक, रशियाचा. तटस्थ तीन: चीन, भारत, संयुक्त अरब अमिराती. मसुदा पडला, कारण विरोधातला एक हात स्थायी सदस्याचा होता, आणि स्थायी सदस्याचं विरोधी मत म्हणजे नकाराधिकार (व्हेटो). दोन दिवसांनी, २७ फेब्रुवारीला, तीच परिषद, तेच पंधरा देश. प्रश्न असा की हा विषय आमसभेच्या आणीबाणीच्या विशेष अधिवेशनाकडे पाठवायचा का? पुन्हा बाजूने ११, विरोधात १, तटस्थ ३. हात तेच, आकडे तेच. पण ठराव मंजूर! कारण हा कार्यपद्धतीचा प्रश्न होता आणि अशा प्रश्नाला नकाराधिकार लागू होत नाही. नऊ मतं पुरतात. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं, म्हणजे स्थापनेच्या कराराचं, २७ वं कलम मी अनेकदा वाचलं होतं, पण या दोन चित्रफिती लागोपाठ पाहिल्यावर ते जसं डोक्यात बसलं, तसं वाचून कधीच बसलं नव्हतं. राज्यशास्त्र शिकवणाऱ्यांनी या दोन बैठका वर्गात दाखवाव्यात, असं मी मनापासून सांगते.

मग २ मार्च. आमसभेत १९३ देशांना प्रत्येकी एक मत. इथे विजेचा फलक: हिरवा दिवा बाजूने, लाल विरोधात, पिवळा तटस्थ. १४१ बाजूने, ५ विरोधात, ३५ तटस्थ. विरोधातले पाच: रशिया, बेलारूस, उत्तर कोरिया, सीरिया आणि इरिट्रिया. भारत पुन्हा तटस्थ. यावर आपल्याकडे केवढा धुरळा उडाला! एक बाजू म्हणाली भारताने रशियाची पाठराखण केली, दुसरी म्हणाली भारताने कुणाचीच बाजू घेतली नाही. भारताचं स्पष्टीकरण वाचा. त्यात तातडीच्या शस्त्रसंधीची मागणी आहे, अडकलेल्या भारतीय नागरिकांना बाहेर काढण्याची चिंता आहे, आणि सनद, आंतरराष्ट्रीय कायदा, देशांचं सार्वभौमत्व आणि प्रादेशिक अखंडता यांचा आदर करण्याची भाषाही आहे. रशियाचं नाव घेऊन निषेध मात्र नाही. काय म्हटलं आणि काय टाळलं, दोन्ही कागदावर आहे. हे वाचून भारताच्या भूमिकेवर टीका करा किंवा तिचं समर्थन करा. पण मग ते भांडण निदान खऱ्या मजकुरावर होईल.

आता ती दिशाभूल. १४१, ५ आणि ३५ यांची बेरीज १८१ होते. उरले १२. डिजिटल लायब्ररीच्या मतनोंदीत प्रत्येक देशापुढे एक इंग्रजी अक्षर असतं: होकाराचं, नकाराचं किंवा तटस्थतेचं. या बारांपुढे कोरी जागा. खाली एकच शेरा: मतदान न केलेले १२. या बारांत मोरोक्को आहे, ज्याने ठरवून मतदानात भाग घेतला नाही आणि आपल्या गैरहजेरीचा अर्थ लावू नका असं जाहीरपणे सांगितलं. याच बारांत व्हेनेझुएला आहे, ज्याला मतदान करताच येत नव्हतं; वर्गणीची थकबाकी दोन वर्षांच्या रकमेइतकी झाली की सनदेच्या १९ व्या कलमाप्रमाणे आमसभेतलं मत जातं. एकाने मत दिलं नाही, दुसऱ्याकडे मत नव्हतंच. नोंदीत दोघेही सारखेच कोरे! लघुलेखनात 'साक्षीदार गप्प राहिला' आणि 'साक्षीदार हजर नव्हता' या दोन नोंदी कुणी एकत्र केल्या असत्या, तर तो कागद न्यायाधीशांनी परत पाठवला असता. या मतनोंदींवर अभ्यासक आलेख काढतात, देशांच्या जवळिकीची गणितं मांडतात. त्यांच्या तक्त्यातही हे कोरेपण तसंच जात असणार. वेगळी खूण घालणं काही अवघड नाही, कारण थकबाकीदार कोण, हे सचिवालयाला पक्कं ठाऊक असतं.

याच्या उलट एक गोष्ट ते फार नेकीने करतात. मतदानात चुकून वेगळं बटण दाबलं गेलं, किंवा वेळेत दाबता आलं नाही, तर तो देश नंतर सचिवालयाला कळवतो. मग इतिवृत्तात तळटीप येते की अमुक देशाचा इरादा बाजूने मत देण्याचा होता. मूळ आकडा मात्र बदलत नाही. घडलं ते घडलं तसं ठेवायचं आणि खुलासा शेजारी लिहायचा. नोंद अशीच ठेवावी.

आमसभेतली सप्टेंबरची सर्वसाधारण चर्चा बहुतेकांना ठाऊक असते: राष्ट्रप्रमुख येतात, प्रघाताप्रमाणे पहिलं भाषण ब्राझीलचं, पंधरा मिनिटांत आटपा अशी विनंती असते आणि ती सर्रास मोडली जाते. १९६० मध्ये फिडेल कॅस्ट्रो साडेचार तासांच्या आसपास बोलले होते. खरं सांगायचं तर ही भाषणं मी थोडीच ऐकते. ती चर्चा नव्हेच. एकापुढे एक ठेवलेली निवेदनं आहेत. चर्चा सुरू होते दिवसाच्या शेवटी, उत्तराच्या हक्कात. दुसऱ्या देशाच्या भाषणाने दुखावलेला देश उत्तर देऊ शकतो. पहिल्यांदा दहा मिनिटं, त्यावर पुन्हा बोलायचं तर पाच, आणि मग बंद. नेते केव्हाच उठून गेलेले असतात. बोलायला येतात ते बहुधा तरुण राजनैतिक अधिकारी. सभागृह रिकामं, घड्याळ डोक्यावर, आणि समोरच्याने तासापूर्वी काय म्हटलं, त्याच्या शब्दाला शब्द. वादविवाद स्पर्धेची तयारी करणाऱ्या मुलांनी हे ऐकावं. पाच मिनिटांत तीन मुद्दे कसे मांडायचे आणि चौथा मोहाचा मुद्दा कसा सोडून द्यायचा, ते इथे शिकायला मिळतं.

जुन्या नोंदी चाळणाऱ्यांसाठी लायब्ररी म्हणजे खजिना आहे. जानेवारी १९५७ मध्ये काश्मीर प्रश्नावर भारताचे प्रतिनिधी व्ही. के. कृष्ण मेनन सुरक्षा परिषदेत जवळपास आठ तास बोलले. ते भाषण एका बैठकीत मावलं नाही. आपल्याकडे फक्त त्याची लांबी सांगितली जाते. मी ते वाचलं ते युक्तिवाद म्हणून: कागदपत्रं एकामागून एक कशी पुढे केली, आधीच्या ठरावांचा कुठला भाग कुठल्या क्रमाने लागू होतो यावर किती भर दिला, हे पाहण्यासारखं आहे. पटो न पटो. जुनी पानं छायाप्रतीच्या रूपात आहेत. अक्षरं कुठे फिकट झाली आहेत आणि अशा पानांत शब्द शोधायला गेलं की शोध हुकतो.

मानवी हक्क परिषदेत प्रत्येक सदस्य राष्ट्राचा पाळीपाळीने आढावा घेतला जातो, तोही पाहा. परिषद ४७ देशांची, पण आढावा सगळ्या १९३ देशांचा. मोठा असो वा छोटा, साडेतीन तास प्रश्नांपुढे बसावं लागतं. बोलणारे इतके असतात की प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम मिनिट येतं आणि वेळ संपली की ध्वनिक्षेपक बंद होतो. आलेल्या शिफारशी देश 'मान्य' करतो किंवा नुसती 'दखल घेतो'. कुठल्या शिफारशींची नुसती दखल घेतली, ती यादी शोधून वाचावी. सरकारांच्या जाहीर आश्वासनांपेक्षा ती जास्त सांगते.

उणिवा आणखी आहेत. सहा अधिकृत भाषा आहेत: अरबी, चिनी, इंग्रजी, फ्रेंच, रशियन, स्पॅनिश. मराठी माणसाला इंग्रजीवाचून गत्यंतर नाही. दस्तऐवजांची क्रमांकपद्धती एकदा समजली की सोपी आहे, पण ती समजावून सांगणारं पान नवख्याला चटकन सापडत नाही. थोडक्यात: पहिलं अक्षर संस्थेचं, एस म्हणजे सुरक्षा परिषद, ए म्हणजे आमसभा, मग पीव्ही म्हणजे शब्दशः इतिवृत्त, एसआर म्हणजे सारांश, आरईएस म्हणजे ठराव. सुरक्षा परिषदेची इतिवृत्तं लवकर येतात. आमसभेची रेंगाळतात, असा माझा अनुभव. अनेक चित्रफितींत कोण कितव्या मिनिटाला बोललं याचे टप्पे दिलेले नसतात. ऐकताना दुभाष्याच्या आवाजाऐवजी सभागृहातला मूळ आवाजही निवडता येतो. भाषा कळत नसली तरी महत्त्वाच्या भाषणाची काही मिनिटं तशी ऐकावीत. दुभाषे कमालीचे कुशल असतात, पण त्यांचा स्वर मुद्दाम समतोल असतो.

सगळ्यात मोठी उणीव या सेवेच्या हातातली नाही. सुरक्षा परिषदेच्या सभागृहाला लागून सल्लामसलतीची एक खोली आहे. खरी घासाघीस तिथे होते: मसुद्यातला कुठला शब्द काढला तर कोण तटस्थ राहील, कुणाला काय दिलं तर हात वर होईल. तिथे कॅमेरा नाही आणि इतिवृत्तही नाही. खुल्या सभागृहात आपण पाहतो ते बहुतेकदा आधीच ठरलेलं असतं. परिषदेच्या कार्यपद्धतीचे नियम १९४६ पासून आजतागायत 'तात्पुरते'च आहेत, आणि या खोलीला तर त्या नियमांचाही नीट आधार नाही. ज्या निर्णयांवर लाखो माणसांचं जगणं-मरणं अवलंबून आहे, त्यांची वाटाघाट नोंदीविना व्हावी, हे मला मान्य नाही. वाटाघाटीला खासगीपणा लागतो, हे मी समजू शकते. मग नोंद ठेवा आणि ठरावीक वर्षांनी उघडा. जगभरची सरकारं आपली गोपनीय कागदपत्रं अशीच उघडतात.

थोडा उजेड अलीकडे आला आहे. लिक्टेनस्टाइन या युरोपातल्या चिमुकल्या देशाच्या पुढाकाराने २६ एप्रिल २०२२ रोजी आमसभेने ठराव केला की सुरक्षा परिषदेत कुणी नकाराधिकार वापरला, तर कामकाजाच्या दहा दिवसांच्या आत आमसभेत त्यावर चर्चा होईल. नकाराधिकार त्याने हिरावला जात नाही. पण वापरणाऱ्याला सगळ्या जगासमोर कारण सांगण्याचं निमंत्रण मिळतं. पहिली अशी चर्चा ८ जून २०२२ ला झाली. विषय होता उत्तर कोरियावरच्या ठरावाचा, जो चीन आणि रशियाने अडवला होता. दोघांनीही येऊन आपली बाजू मांडली. ते इतिवृत्त लायब्ररीत आहे.

बंद खोलीबद्दल जे काही हाती लागतं, ते वेब टीव्हीवर 'मीडिया स्टेकआउट' या नावाखाली असतं. राजदूत बाहेर येतात, ध्वनिक्षेपकापाशी थांबतात, पत्रकार प्रश्न विचारतात. या चित्रफिती पाच-दहा मिनिटांच्या असतात. कुठलीही मोठी बैठक पाहायला बसण्याआधी त्या दिवसाच्या स्टेकआउटच्या चित्रफिती पाहून घ्या. कोण थांबून बोललं आणि कोण न थांबता निघून गेलं, हे लक्षात ठेवा आणि मग मतदान पाहा.